माणगा, पुठ्ठा आणि काथ्या: अंगणात सहा फुटी एटी-एटी वॉकर कसा उभा करायचा

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला दिवाळीत दोन कामं ठरलेली असतात, एक म्हणजे चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाडीतल्या पोरांचा नरकासुराचा पुतळा आणि दुसरं अंगणातला किल्ला. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आलेला भाचा म्हणाला मामा या वेळी किल्ल्यावर चाल करून येणारा एटी-एटी करूया, आणि मी काही विचार न करता हो म्हणून बसलो. पहिल्या वर्षी जे बनलं ते एटी-एटी कमी आणि आजारी बकरी जास्त दिसत होतं आणि पाडव्याच्या आधीच तोंडावर आपटलं. दुसऱ्या वर्षीचा मात्र आठ दिवस ताठ उभा राहिला, मधे दोनदा पाऊस येऊनसुद्धा. तो कसा बांधला ते सगळं इथे लिहितोय, चुका धरून.

ज्यांना हा प्राणी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टार वॉर्सच्या जगात साम्राज्याच्या फौजेकडे चार पायांवर चालणारं एक चिलखती वाहन आहे, ऑल टेरेन आर्मर्ड ट्रान्सपोर्ट, त्याचंच एटी-एटी. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये हॉथ नावाच्या बर्फाळ ग्रहावर हे पहिल्यांदा दिसलं. पोटात चाळीस सैनिक मावतात, डोक्यात चालक आणि कमांडर बसतात, हनुवटीखाली दोन मोठ्या तोफा आणि कानशिलांवर दोन लहान. बंडखोरांच्या तोफा त्याच्या चिलखताला ओरखडासुद्धा काढू शकत नाहीत, शेवटी छोट्या विमानातून पायांना केबल गुंडाळून त्याला पाडावं लागतं. म्हणजे या मशीनची ताकद वर आहे आणि दुखणं पायात आहे, आणि खरं सांगू का, पुठ्ठ्याच्या एटी-एटीचं पण अगदी तेच आहे.

अजून एक गोष्ट माहीत असली तर पुढचं सगळं सोपं जातं. सिनेमातले ते राक्षस प्रत्यक्षात दीडेक फुटाच्या आसपासची मॉडेल्स होती, स्टॉप मोशनने म्हणजे एकेक फ्रेमला पाय चिमूटभर हलवून चालवलेली, बर्फ म्हणून खायचा सोडा वगैरे पसरलेला, आणि मॉडेल हलवणारी माणसं सेटमधल्या झडपांतून वर डोकं काढायची. इतकं छोटं खेळणं डोंगराएवढं वाटलं ते चालीमुळे, आणि ती चाल बसवायला त्या लोकांनी हत्ती कसा चालतो त्याचं शूटिंग बघून अभ्यास केला होता. आपल्याला काय, हत्ती नवीन नाही, दोडामार्ग-तिलारी पट्ट्यात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतायत आणि माड-केळीची वाट लावतायत, ज्याची बाग गेली त्याला विचारा वजन म्हणजे काय ते. तर बघणाऱ्याला ते वजन दिसलं पाहिजे, बाकी पॅनेल, रेषा, तोफा हे सगळं नंतर.

कधी सुरू करायचं

दसऱ्याला सुरू करा. दसरा ते दिवाळी वीसेक दिवस मिळतात आणि रोज दोन तास दिले तरी पुरतात. गणपतीत करायच्या भानगडीत पडू नका, भाद्रपदात पुठ्ठा सुकतच नाही, वर बुरशी येते ती वेगळीच. ऑक्टोबरात दुपारी कडक ऊन असतं, पण संध्याकाळी परतीचा पाऊस गडगडत येतो आणि रात्री दंव पडतं, त्यामुळे काम साधारण सकाळी अकरा ते तीनमध्ये उन्हात सुकेल असं आखायचं आणि तीनला सगळं ओसरीवर घ्यायचं.

थर्माकोलचा विचार असेल तर सोडून द्या. २०१८ पासून महाराष्ट्रात त्याच्या सजावटीवर बंदी आहे, आणि बंदी नसती तरी समुद्राच्या वाऱ्यात थर्माकोलचा एटी-एटी पतंग होतो.

मापं

सगळ्यात जास्त घोळ मापात होतो, कारण याची अधिकृत उंचीच एक नाही. जुन्या पुस्तकांत १५ मीटरच्या आसपास दिलीय, नंतरच्यांत २२ मीटरच्या वर. त्या वादात पडायचं नाही, आपल्याला फक्त प्रमाण हवंय. मी २०२१ च्या मोठ्या लेगो सेटचं प्रमाण उचललं, तो ६,७८५ तुकड्यांचा सेट ६२ सेंटिमीटर उंच, ६९ लांब आणि २४ रुंद आहे. (विकत घ्यायची आपली ऐपत नाही, मापं घ्यायला पैसे लागत नाहीत.) त्याला साधारण २.९ ने गुणलं की १८० उंच, २०० लांब, ७० रुंद. सहा फूट झाले.

आता त्या २०० लांबीत धड १३५, मान २०, डोकं ४५. उंचीत पोट जमिनीपासून ११० वर आणि धड ७० चं. धडाची रुंदी फक्त ५० ठेवायची कारण दोन्ही बाजूंना पाय दहा-दहा सेंटिमीटर जागा खातात. पावलं अजून थोडी बाहेर येतात, येऊ देत, तेवढाच पाया रुंद.

किल्ल्यावरचे मावळे कुठल्या मापाचे ते पण आत्ताच ठरवा. २२ मीटरचा हिशेब धरला तर आपला एटी-एटी खऱ्याच्या साधारण बारावा हिस्सा होतो, मग माणूस साडेपाच इंचाचा पाहिजे. बाजारात त्या उंचीचे मावळे मिळतात. पाच इंचाच्या मावळ्यासमोर हा जनावरासारखा दिसतो आणि दहा इंचाच्या मावळ्यासमोर बैलगाडी दिसतो, स्वतः बघितलंय.

सामान

माणगा बांबू, अंगठ्यापेक्षा जाड, साधारण सव्वा इंची, दहा-दहा फुटांचे आठ-नऊ. माणगाच का तर तो बराचसा भरीव असतो, सरळ असतो, काटे नसतात आणि आपल्याकडे कुणाच्याही कुंपणाला मिळतो. जुना, मुरवलेला मिळाला तर सोनंच, जुनी माणसं तोडलेला बांबू पाण्यात बुडवून ठेवतात ते उगाच नाही, त्यातला पिठूळ अंश निघून जातो आणि पोखरणारा किडा कमी लागतो.

पुठ्ठा पाच पदरी, फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्यांचा, तीन खोकी. बारा एमएम प्लायचे तुकडे, सुताराकडे वाया गेलेले असतात, ते गोड बोलून घ्या. दहा एमएमचे नट-बोल्ट चोवीस आणि वायसर भरपूर, सहा एमएमचे बोल्ट चाळीसेक. काथ्याची दोरी, सुतळी. चार प्लॅस्टिकची घमेली, चौदा इंची. किचन चिमणीचा सहा इंची घडीचा अॅल्युमिनियम पाइप दोन फूट, ही मान. वायरिंगचा पीव्हीसी पाइप तोफांना. फेविकॉल, मैदा, रद्दी, प्रायमर, पांढरा इमल्शन, काळा आणि निळा स्टेनर. जुना फ्लेक्सचा बॅनर एक, मोठा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा असतोच कुठे ना कुठे बांधलेला, वाढदिवस उलटून गेला असेल तर विचारून घ्या. मला सगळं मिळून तीन हजाराच्या आत पडलं आणि त्यातले निम्मे रंगात आणि नट-बोल्टात गेले.

पाय

पहिल्या वर्षी मी डोक्यापासून सुरू केलं होतं. डोकं सुंदर झालं, तोफा, खिडकी, सगळं, आणि मग त्या डोक्याला शोभतील असे पाय करायला वेळच उरला नाही. दुसऱ्या वर्षी उलटं केलं, पहिले दहा दिवस फक्त पाय आणि धडाचा सांगाडा, घरातले विचारायला लागले की हा माटव (मांडव) कसला घालतोयस.

एका पायाला दोन काठ्या, मांडी ६५ सेंटिमीटर आणि नडगी ५५, खाली पाऊल १०. बेरीज १३० होते पण पाय किंचित वाकवला, पुढे-मागे झुकवला की उंची सव्वाशेवर उतरते, आणि खुब्याचा बोल्ट बरोबर सव्वाशेवर येतो, म्हणजे पोटाच्या रेषेच्या पंधरा सेंटिमीटर वर.

बांबूला खिळा मारायचा नाही. मारलात की उभा चिरतो आणि तो चिरलेला कळतो तेव्हा वर धड ठेवलेलं असतं. आधी टोकाला ओल्या सुतळीचे आठ-दहा घट्ट वेढे द्या, सुकली की ती अजून आवळते, मग पेऱ्याच्या जवळ, पेऱ्यावर नाही, सहा एमएमचं भोक ड्रिलने पाडा, हळू, ड्रिलला जोर न देता. प्रत्येक टोकाला दोन बोल्टने प्लायची पट्टी बसवा, आणि मांडीची पट्टी आणि नडगीची पट्टी एकमेकींवर ठेवून मधून दहा एमएमचा बोल्ट. हा गुडघा. खुब्याला आणि घोट्याला पण हेच.

आता मुद्द्याचं. एका बोल्टवर सांधा फिरतो, दोन बोल्टवर सांधा लॉक होतो. म्हणून आधी सगळे सांधे एकेका बोल्टवर ठेवायचे, पोझ हवी तशी लावायची, मन भरेपर्यंत बदलायची, आणि मग त्याच प्लायमधून बोल्टपासून दोन इंचांवर दुसरं भोक पाडून दुसरा बोल्ट घालायचा. आणि नट डबल लावा, वायसर दोन्ही बाजूंना, नाहीतर प्लाय दबतो आणि चार दिवसांत सांधा डुगडुगायला लागतो.

पावलं म्हणजे उपडी घमेली. आत प्लायची गोल चकती, तिच्यावर घोट्याची पट्टी, आणि मोकळ्या जागेत चिऱ्याचे तुकडे भरायचे, प्रत्येक पावलात आठ किलो, वजनकाट्यावर मोजून. वर धड-डोकं मिळून बारा किलोच्या पुढे जाऊ द्यायचं नाही आणि खाली बत्तीस किलो, एवढा फरक असला की वाऱ्याला तो जड जातो. किनाऱ्यावरची वाळू भरू नका, एकतर ती अशी उचलायची नसते आणि दुसरं म्हणजे खारी वाळू ओल धरते, नट-बोल्ट गंजून खातात.

धडाचा सांगाडा

१३५ बाय ५० बाय ७० ची पेटी, बारा काठ्या, कोपरे काथ्याने आवळलेले. माटव बांधणारा माणूस ओळखीचा असेल तर त्याला अर्धा तास बोलवा, ते लोक जी गाठ मारतात ती आपल्याला यूट्यूब बघून येत नाही. प्रत्येक बाजूला एक तिरका टेका पाहिजेच, चौकोन कितीही घट्ट बांधा, तिरकी काठी नसेल तर तो पत्त्यांच्या बंगल्यासारखा एका बाजूला झुकतो. खुब्याचे चार बोल्ट जिथे येणार तिथे आरपार जाडजूड आडवी काठी घाला, समोरचा डावा-उजवा खुबा एका काठीवर, मागचे दुसऱ्या. एकेक खुबा वेगळा अडकवलात तर पाय फाकतात, आमच्या बकरीचे फाकले होते.

पोझ, ओळंबा आणि तात्या

इथे घाई करू नका, हवं तर एक अख्खी दुपार द्या.

पहिल्या वर्षी मला वाटलं पुढचा उजवा पाय उचललेला असला की कसा रुबाब दिसेल, किल्ल्यावर पाय ठेवायला निघालाय असा. उभा केला, दिसायला झकास. शेजारचे तात्या, गवंडीकामात आयुष्य गेलेलं, ते कुंपणावरून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "रे झिला, ह्येचा वजन खय पडता ता बघलंस काय?" म्हणजे याचं वजन कुठे पडतं ते बघितलंस का. मी म्हटलं चार पाय आहेत तात्या, काय होतंय. तात्या काही बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री वारा सुटला आणि सकाळी तो नाक खुपसून तुळशीच्या कट्ट्यावर पडलेला.

दुसऱ्या वर्षी मी आधी तात्यांना बोलावलं आणि ते येताना ओळंबा, म्हणजे गवंड्याचं दोरीला लटकवलेलं वजन, घेऊन आले.

पद्धत अशी. आधी धडाचा तोल कुठे आहे ते शोधायचं. सांगाडा वाशाला एका दोरीने टांगा, आणि मानेच्या जागी डोक्याच्या वजनाएवढी पिशवी अडकवा, आम्ही दीड किलो तांदळाची लावली, कारण डोकं अजून बनलेलंच नाही पण त्याचं वजन पुढे ओढणार आहे हे आत्ताच धरायला हवं. दोरी मागेपुढे सरकवत ज्या जागी सांगाडा आडवा स्थिर राहतो तिथे खूण करा. आमची खूण धडाच्या मध्यापेक्षा जवळजवळ एक वीत पुढे आली, बघून मीच चाट पडलो. नंतर पाय जोडून तो उभा केला, पोटाच्या त्या खुणेवरून ओळंबा सोडला, आणि जमिनीवर टेकलेल्या तीन पावलांचे मध्य रांगोळीने जोडून त्रिकोण काढला. ओळंब्याचं टोक त्रिकोणाच्या आत पाहिजे, नुसतं आत नाही, कडेपासून चार बोटं तरी आत.

आता कुठला पाय उचलायचा. हत्ती सावकाश चालताना पाय असे टाकतो: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. यातला उजवा मागचा पाय उचलण्याचा क्षण आपण पकडायचा. त्या क्षणी डावा पुढचा नुकताच पुढे टेकलेला असतो, डावा मागचा जवळपास सरळ खांबासारखा, उजवा पुढचा शरीराखालून मागे गेलेला आणि उजव्या मागच्याची टाच वर. मग त्रिकोणात दोन्ही पुढचे पाय येतात आणि जिथे वजन आहे तिथेच आधार मिळतो. पुढचा पाय उचलला की उलट होतं, जड बाजूचाच एक खांब काढून घेतल्यासारखं. हत्तीने हा हिशेब आधीच करून ठेवलाय, आपण फक्त कॉपी मारायची.

आणि उचललेला पाय अगदी हवेत लोंबकळत ठेवू नका, पावलाचा पुढचा काठ एका चिऱ्याच्या तुकड्यावर टेकवा आणि वर माती पसरा, दिसत नाही कुणाला. आम्ही हे केलं तेव्हा तात्यांनी धडाला खांद्याने एक धक्का दिला, चांगला जोरात, सांगाडा करकरला आणि परत जागेवर आला. "आता रवतलो," म्हणजे आता राहील, म्हणाले आणि चहा प्यायला बसले. मग दुसरे बोल्ट मारले.

जाता जाता, असलं यंत्र खरंच कुणी बनवलंय का असं पोरं विचारतात. बनवलंय. अमेरिकेत १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने राल्फ मोशर नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली चार पायांचा चालणारा ट्रक केला होता, सैन्यासाठीच. आत बसलेला माणूस हातांनी पुढचे दोन पाय आणि स्वतःच्या पायांनी मागचे दोन चालवायचा, आणि थोड्याच वेळात दमून जायचा. चार पायांचं भान एका डोक्यात ठेवणं कठीण आहे, मला तर ते उभे ठेवायलाच दोन वर्षं लागली.

कातडं

पुठ्ठा लावताना आतल्या नळ्या उभ्या येतील असा कापा, आडव्या आल्या तर ओल धरून पोट खाली लोंबतं. धडाची बाजू सपाट पत्र्यासारखी नाहीये, वरचा साधारण एक तृतीयांश भाग आत झुकलेला आहे, तिथे उलट्या बाजूने सुरीच्या पाठीने रेघ ओढून घडी घाला. ही एक घडी घातली की लगेच एटी-एटी दिसायला लागतो, नाही घातली तर टेम्पो. पुठ्ठा सांगाड्याला केबल टायने अडकवा, चिकटवू नका, नंतर सोडवायचाय.

कापलेल्या प्रत्येक कडेला फेविकॉल पाणी घालून पाजायचा. पुठ्ठा पाणी पितो तो कडेनेच. मग रद्दीचे तीन थर खळीने. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर आणि बुरशी लागत नाही, पण मोरचूद विष आहे, हातमोजे घाला, भांडं स्वयंपाकघरातलं घेऊ नका आणि हे काम पोरांकडे देऊ नका. एक थर पूर्ण कडक सुकल्याशिवाय दुसरा नाही. बोटाने टिचकी मारल्यावर टण् वाजलं पाहिजे, फद् वाजलं तर अजून एक दिवस.

पायांना पण पुठ्ठ्याची चौकोनी खोळ, दहा सेंटिमीटर जाड. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या गोल चकत्यांना रंगाच्या डब्यांची झाकणं लावा, मोठी खुब्याला, छोटी गुडघ्याला.

बारीकसारीक तपशिलाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बरेच जण अंगभर शॅम्पूची झाकणं, जुन्या कीबोर्डची बटणं चिकटवतात. सिनेमावाले पण रणगाड्यांच्या खेळण्यांचे सुटे भाग मॉडेलवर लावायचे हे खरंय, पण सहा फुटी वस्तूवर एक इंची झाकण लावलंत की ते झाकणच दिसतं. मोठे सपाट भाग तसेच ठेवा, पट्ट्यांच्या चार-पाच रेषा, आणि बारीक काम फक्त सांध्यांपाशी, मानेपाशी आणि पोटाखाली. मोकळ्या जागेमुळे तो मोठा वाटतो.

मान आणि डोकं

सिनेमात पडलेल्या एटी-एटीच्या मानेवरच गोळी घालून त्याला उडवतात, आणि आपल्या पण याची मान हाच कच्चा दुवा. चिमणीचा पाइप दिसायला हुबेहूब पण ताकद शून्य. त्यामुळे आतून एक काठी धडाच्या सांगाड्यातून थेट डोक्यापर्यंत न्यायची, पाइप नुसता वरून चढवायचा.

डोकं ४५ लांब, ४० रुंद, ३५ उंच, तीन पदरी पुठ्ठ्याचं, हलकं, दीड किलोच्या आत, तांदूळ आठवा. समोर आडवी चिरीसारखी खिडकी. हनुवटीखाली दोन पाइप तोफा, बाजूला दोन छोट्या. डोकं दोन बोटं खाली झुकवा. सरळ ठेवलंत तर तो लांब कुठेतरी बघतो, खाली झुकवलंत तर तो तुमच्याकडे बघतो, आमची शेजारची चार वर्षांची पोर त्या दिवशी अंगणात यायलाच तयार नव्हती.

खिडकीच्या आत लाल एलईडी पट्टी, बारा व्होल्टची, अर्धा मीटर पुरते. वायर मानेतून, धडातून, मागच्या पायातून खाली, आणि अडॅप्टर घरात कोरड्या जागी. घराची २३० ची वायर अंगणातल्या पुठ्ठ्यात घालू नका.

रंग

प्रायमरचा एक हात, मग पांढऱ्या इमल्शनमध्ये काळा स्टेनर थेंबाथेंबाने आणि निळ्याचा एकच थेंब. सुकल्यावर रंग बदलतो म्हणून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून, सुकवून, मग ठरवा. हिरवट राखाडी झाला तर काळा वाढवू नका, पांढरा वाढवा.

डाग पाडायचं काम मात्र मजेचं आहे. हॉथवर बर्फ होता, आपला एटी-एटी तांबड्या मातीत उभा आहे, मग त्याच्या पायाला तांबडी मातीच लागली पाहिजे. काव पाण्यात पातळ करून पावलांवर आणि नडगीच्या निम्म्यापर्यंत फडक्याने लावा आणि लगेच अर्धी पुसून घ्या, खाचेत राहते ती राहू द्या. बोल्टच्या खाली गंजाचे ओघळ, तेही कावेचेच, ब्रश बोल्टवर टेकवायचा आणि सरळ खाली सोडायचा. आई बघायला आली आणि म्हणाली एवढा नवीन रंग दिलास आणि लगेच मळवलास कशाला, तेव्हा कळलं की जमलंय.

वारा, पाऊस आणि फटाके

सगळं केलं तरी वाऱ्याला दोरी पाहिजे. धडाच्या दोन्ही बाजूंनी काथ्या माडाला बांधला तर दिसायला खराब दिसतो, म्हणून भाच्याने शक्कल लढवली, दोरी मागच्या पायांना एक वेढा देऊन माडापर्यंत नेली आणि मधे पुठ्ठ्याचं हातभर स्नोस्पीडर, म्हणजे सिनेमातलं ते केबल गुंडाळणारं छोटं विमान, अडकवलं. झाली हार्पून केबल. जी दोरी सिनेमात त्याला पाडते तीच आमच्याकडे त्याला उभं ठेवत होती आणि बघायला येणाऱ्या निम्म्या लोकांना ती खरी टेकू आहे हे कळलंच नाही.

फ्लेक्सचा बॅनर रोज संध्याकाळी वरून टाकायचा, छापील बाजू आत. मागून एक फट ठेवा, पूर्ण गुंडाळलात तर आत वाफ धरते. एका रात्री वाऱ्याने आमचा बॅनर उलटला आणि सकाळी एटी-एटीच्या पाठीवर कुणीतरी गॉगल लावून सर्वांना नमस्कार करत होतं.

फटाके वीस फुटांच्या आत नाहीत, भुईचक्र पण नाही, आणि पोटाखाली पणती ठेवून फोटो काढायची हौस असेल तर बॅटरीची पणती घ्या. पाण्याची एक बादली जवळ असू द्या.

किल्ला त्याच्या नाकासमोर दीड-दोन फुटांवर, बुरूज त्याच्या गुडघ्यापेक्षा उंच नको. नरकासुराची मिरवणूक रात्री आमच्या दारावरून गेली तेव्हा पोरांनी त्या दोघांना पाच मिनिटं समोरासमोर उभं केलं, ढोल वाजतोय, एकाची जीभ बाहेर आणि दुसऱ्याची खिडकी लाल. वाडीचं एकमत झालं की राक्षस आपलाच भारी.

उतरवणं

पहाटे नरकासुर जाळतात म्हणून पोरांना हा पण जाळायचा होता. जाळू नका, रंग आणि प्लॅस्टिक आहे. तुळशीच्या लग्नाआधी दुसरे बोल्ट काढा, पाय घडी होतात, चिऱ्याचे तुकडे रिकामे करा, केबल टाय कापा, पुठ्ठ्याच्या बाजू एकावर एक ठेवून माळ्यावर. बोल्टना खोबरेल लावून डब्यात, डब्यावर कुठल्या सांध्याचे ते लिहा, मी लिहिलं नव्हतं आणि यंदा त्यात एक सकाळ गेली. सांगाडा मोठा असतो, तो मावत नाही, मी गोठ्यात टांगून ठेवला होता आणि डोकं त्याच्यावरच ठेवलं होतं. श्रावणात काढायला गेलो तर खिडकीतून कोंबडी बघत होती, खाली पाच अंडी. यंदा डोकं नवीन करावं लागणार.